पान्हा, माज आणि मेंदू : गुरांच्या संप्रेरकशास्त्राची प्रस्तावना

पालघर जिल्ह्यात मनोरच्या आसपास, हमरस्त्यालगतच्या एखाद्या तबेल्यात ट्रकमधून नवी म्हैस उतरते. हरियाणातून किंवा मेहसाण्याकडून आलेली, दलालाने दहा-बारा लिटरचा शब्द दिलेली. पहिल्या धारेला बादलीचा तळ झाकेल एवढेही दूध निघत नाही. कास भरलेली असते, सड ताठ असतात, ताप नसतो, वैरणीला तोंड लावत असते, तरी दूध उतरत नाही. मालक दलालावर भडकतो, गवळी म्हणतो, "पान्हा चोरते आहे," आणि कोणीतरी सुई शोधू लागतो. चार-सहा दिवसांनी तीच म्हैस त्याच गवळ्याच्या हाताला मोकळी होते. एवढ्या दिवसांत कासेची रचना बदललेली नसते, दूध तयार करणाऱ्या पेशीही त्याच असतात. बदल झालेला असतो तो मेंदूत.

हा बदल कसा घडतो, मेंदूतली कोणती रसायने त्याला कारण होतात आणि तिथून रक्तात कोणती संप्रेरके सुटतात किंवा अडतात, याचा अभ्यास म्हणजे गुरांचे मेंदू-संप्रेरकशास्त्र. पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्याला तो शरीरक्रियाशास्त्राच्या पुस्तकात थोड्या पानांत भेटतो. एक आकृती असते : हायपोथॅलॅमसकडून पियूषिका ग्रंथीकडे बाण, तिथून अंडाशयाकडे बाण, आणि परतीचे दोन बाण. आकृती पाठ होते, परीक्षाही पार पडते. मग गोठ्यात उभे राहिले की ती हाताशी येत नाही, कारण पहिल्या बाणाच्या आधी काय असते ते तिच्यात काढलेलेच नसते. पहिल्या बाणाच्या आधी असते गुराची ओळख, भीती, भूक, वासराचा वास, दिवसाची लांबी, उकाडा. मी ही प्रस्तावना लिहितो आहे ती या आधीच्या जागेकडे वाचकाला घेऊन जाण्यासाठी. पशुवैद्यकाचे विद्यार्थी, पशुधन पर्यवेक्षक, कृत्रिम रेतनाचे काम करणारे तरुण आणि चार म्हशी पाळून बोईसरच्या वसाहतींत दूध घालणारी माणसे, या सर्वांना हा विषय खुला आहे. त्यासाठी रसायनशास्त्राची पदवी लागत नाही; गोठ्यात लक्ष देऊन उभे राहण्याची सवय मात्र लागते.

शरीररचना आधी थोडक्यात. गाईचा मेंदू अर्ध्या किलोच्या आतबाहेर असतो. त्याच्या तळाशी हायपोथॅलॅमस हा छोटा भाग, आणि त्याखाली देठाला लटकलेली पियूषिका ग्रंथी. या देठातून दोन निराळ्या वाटा जातात. अभ्यासकाने त्या पहिल्याच दिवशी वेगळ्या ओळखाव्यात. मागच्या वाटेने चेतापेशींचे लांब तंतूच पियूषिकेत उतरतात आणि ऑक्सिटोसिन थेट रक्तात सोडतात. इथे चेतापेशी हीच ग्रंथी. पुढच्या वाटेने तंतू उतरत नाहीत; तिथे सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे एक खास जाळे आहे. हायपोथॅलॅमस त्यात अत्यल्प रसायने सोडतो आणि ती पियूषिकेच्या पुढच्या भागाला कामाला लावतात किंवा थोपवून धरतात. मात्रा इतकी कमी, की अंगभर फिरणाऱ्या रक्तात ती मोजणेही अवघड. मागच्या वाटेवर पान्हा आहे, पुढच्या वाटेवर माज.

या पुढच्या वाटेची कल्पना ब्रिटनच्या जेफ्री हॅरिस यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर ठासून मांडली, तेव्हा अनेकांना ती पटली नव्हती. पुरावा हवा तर ती रसायने प्रत्यक्ष हाती यायला हवी होती. रॉजर गिलमन मेंढ्यांचे आणि अँड्र्यू शॅली डुकरांचे हायपोथॅलॅमस कत्तलखान्यांतून लाखांनी गोळा करत होते, तेव्हा कुठे काही मिलिग्रॅम द्रव्य निघत होते. १९७१ मध्ये जीएनआरएच या प्रजननाच्या कळीच्या रेणूची रचना उलगडली. अवघ्या दहा अमिनो आम्लांची ती साखळी. १९७७ चे नोबेल या दोघांना रोझलिन यॅलो यांच्याबरोबर विभागून मिळाले.

या इतिहासात गुरांचा वाटा किती मोठा आहे, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. १९२८ मध्ये प्रोलॅक्टिन या पियूषिकेच्या संप्रेरकाचा परिणाम पहिल्यांदा दिसला तो गुरांच्या पियूषिकेचा अर्क सशांना टोचल्यावर. १९४८ मध्ये सेरोटोनिन वेगळे काढले गेले ते गुरांच्या रक्तद्रवातून. १९५३ मध्ये व्हिन्सेंट द्यू व्हिन्यो यांनी ऑक्सिटोसिन प्रयोगशाळेत घडवले, त्याआधी त्याचा अभ्यास गुरांच्या आणि डुकरांच्या पियूषिकांवर झाला होता. १९५८ मध्ये येल विद्यापीठात ॲरन लर्नर यांनी मेलाटोनिन शोधले तेही गुरांच्या मेंदूतल्या पिनियल ग्रंथी हजारोंनी गोळा करून. माणसाच्या झोपेवर आणि मनःस्थितीवर आज जे बोलले जाते त्याची सुरुवातीची अक्षरे गुरांच्या मेंदूने पुरवली. ते ज्ञान गुरांच्या कामी यावे ही अपेक्षा म्हणूनच रास्त आहे.

आता पान्ह्याकडे. सडाला हात लागला किंवा वासराने ढुसणी दिली की संवेदना मज्जारज्जूतून हायपोथॅलॅमसपर्यंत जाते. तिथल्या पेशी ऑक्सिटोसिन सोडतात, रक्त ते कासेपर्यंत नेते, आणि दुधाच्या सूक्ष्म पिशव्यांभोवतीच्या स्नायुपेशी आकसतात. गाईत याला साधारण अर्धे ते दीड मिनिट लागते. म्हशीत अनेकदा दोन मिनिटे किंवा जास्तच. गाईच्या कासेतले साधारण वीस टक्के दूध सडावरच्या पोकळीत आधीच उतरलेले असते, त्यामुळे पान्हा न सोडताही ती थोडेफार दूध देते. म्हशीत ही पोकळीतली शिल्लक पाच टक्क्यांच्या आसपास. म्हणून पान्हा न सुटलेली म्हैस जवळजवळ कोरडी भासते आणि मालकाला दलालाने फसवल्यासारखे वाटते.

ऑक्सिटोसिन रक्तात फार टिकत नाही, काही मिनिटांत त्याचा जोर ओसरतो. कास धुऊन, सड चोळून झाल्यावर गवळी चहा प्यायला गेला, तर परत येईपर्यंत ती संधी निघून गेलेली असते. हाताने धार काढणारी जुनी माणसे एकदा बसली की मध्ये उठत नाहीत, ते यामुळेच योग्य आहे. शिवाय हे संप्रेरक केवळ स्पर्शाची वाट पाहत नाही. आंबोणाचे घमेले समोर आले, बादली खणखणली, ओळखीचा माणूस ठरल्या वेळी जवळ आला, की अनेक जनावरांत सडाला हात लागण्याआधीच ऑक्सिटोसिन वाढू लागते. धारेच्या वेळी खुराक दिल्याने त्याचे प्रमाण आणखी वाढते. ही शिकलेली प्रतिक्रिया आहे, आणि ती शिकते ती कास नव्हे.

उलट बाजूला दोन अडथळे आहेत. पाठ्यपुस्तके त्यांची बऱ्याचदा सरमिसळ करतात. पहिला ॲड्रेनॅलिनचा. १९४१ मध्ये अमेरिकेत एली आणि पीटर्सन यांनी दाखवले की घाबरलेल्या किंवा ॲड्रेनॅलिन टोचलेल्या गाईचा पान्हा अडतो. ॲड्रेनॅलिन कासेच्या पातळीवर काम करते. रक्तवाहिन्या आकसतात आणि ऑक्सिटोसिन सुटले तरी त्याचा परिणाम होत नाही. दुसरा अडथळा त्याहून वरचा. अनोळखी जागेत धार काढली तर अनेक गाईंच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटतच नाही. स्वित्झर्लंडमध्ये रूपर्ट ब्रुकमायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे रक्तातल्या मोजणीने दाखवले; त्या गाईंना बाहेरून ऑक्सिटोसिन दिल्यावर दूध उतरले, म्हणजे कास तयार होती, मेंदूने मंजुरी दिली नव्हती. ट्रकमधून उतरलेली मनोरची म्हैस बहुधा या दुसऱ्या प्रकारात मोडते. तिला मारून काही साधत नाही, कारण माराने पहिला अडथळाही जोडीला येतो. जागा, माणूस आणि वेळ तीच ठेवणे, हा शरीरशास्त्राला धरून असलेला उपाय आहे.

पण तबेल्यात घाई असते. बोईसरच्या कामगार वसाहतींना, विरार-नालासोपाऱ्याच्या चाळींना पहाटे दूध पोहोचायला हवे. त्यात म्हशीचे पारडू मेलेले असते. व्यापारी तबेल्यांत रेड्याकडे तर कुणी फारसे बघतही नाही. मग ऑक्सिटोसिनची सुई रोजची होते. या सुईबद्दल समाजात जी चर्चा होते ती बहुतेक 'दुधातून माणसाच्या पोटात हार्मोन जाते' या भीतीची. ऑक्सिटोसिन हा छोटा पेप्टाइड आहे, पचनमार्गात तो तुटतो. माझ्या मते खरी काळजी जनावराची आहे. रोज बाहेरून मात्रा मिळालेल्या गाईत, सुई बंद केल्यावर स्वतःच्या ऑक्सिटोसिनला कासेचा प्रतिसाद कमी मिळतो आणि दूध मागे राहते, हे प्रयोगांत दिसले आहे. मागे राहिलेले दूध म्हणजे घटते उत्पादन आणि कासदाहाला आमंत्रण. मालक म्हणतो, "हिला सुईची सवय लागली." त्याचे निरीक्षण बरोबर आहे.

कायद्यानेही या प्रश्नाला हात घातला. केंद्र सरकारने एप्रिल २०१८ मध्ये अधिसूचना काढून खासगी कंपन्यांना देशात ऑक्सिटोसिन बनवण्यास मनाई केली आणि ते काम एकाच सरकारी कंपनीकडे सोपवायचे ठरवले. बाळंतपणातल्या रक्तस्रावावर हेच औषध स्त्रियांचे प्राण वाचवते, त्यामुळे ते कमी पडण्याची धास्ती होती. दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये ती अधिसूचना रद्द केली. प्रसूतिगृह आणि तबेला यांच्यामध्ये एकच रेणू उभा असल्याने हा पेच सोपा नाही.

त्याहून जुना कायदा १९६० चा, प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा. त्याच्या बाराव्या कलमात फुका या प्रकाराला मनाई आहे. गाई-म्हशीच्या योनिमार्गात हवा फुंकून दूध उतरवण्याची ही रीत. ती क्रूर आहे, आणि ती का चालत असे हे या शास्त्रात कळते : योनिमार्ग ताणला गेला की मज्जारज्जूतून तोच संदेश हायपोथॅलॅमसकडे जातो जो वासरू बाहेर येताना जातो, आणि ऑक्सिटोसिन सुटते. १९४१ मध्येच फर्ग्युसन यांनी प्रसूतीच्या संदर्भात या प्रतिक्रियेचे वर्णन केले. गाई-म्हशींवर फुका होतो हे कळल्यावर गांधीजींनी त्यांचे दूध वर्ज्य केले होते आणि पुढे १९१९ च्या आजारपणात शेळीचे दूध घेतले. अमानुष रीतीमागेही खरे शरीरशास्त्र असू शकते. म्हणून एखादी गोष्ट 'लागू पडते' एवढ्यावरून ती गोठ्यात आणू नये.

पालघर जिल्ह्यात हा विषय शिकण्याला एक ऐतिहासिक संदर्भही आहे. मुंबईला दूध पुरवणाऱ्या म्हशी शहरात ठेवायच्या की बाहेर, हा प्रश्न स्वातंत्र्याच्या आधीपासूनचा. १९४९ मध्ये गोरेगावला आरे वसाहत सुरू झाली. दापचरीचा सरकारी दुग्धप्रकल्प म्हशी शहराबाहेर नेण्याच्या त्याच विचाराचा पुढचा टप्पा. पालघरजवळ कोळगाव परिसरात आज जिथे जिल्ह्याचे मुख्यालय उभे आहे, ती जमीनही दुग्धविकास विभागाची. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याने आपल्या कचेऱ्या गुरांसाठी राखलेल्या जमिनीवर बांधल्या. मुंबईच्या तबेल्यातली म्हैस आटली की पुन्हा गाभण राहीपर्यंत तिला पोसणे मालकाला परवडत नसे, आणि चांगल्या जातीच्या म्हशी भाकड झाल्या म्हणून खाटकाकडे जात. यामागचा आर्थिक हिशेब सगळे सांगतात. मेंदूचा हिशेब कुणी मांडला नाही : म्हैस वेळेत माजावर का येत नाही?

इथून आपण पुढच्या वाटेवर येतो. जीएनआरएच बनवणाऱ्या पेशी मेंदूत फक्त काही हजार. त्या रसायन सतत सोडत नाहीत, ठोक्याठोक्याने सोडतात. ठोका पडला की पियूषिकेतून एलएच या संप्रेरकाचा झोत रक्तात येतो. ठोक्यांची गती हाच संदेश. अमेरिकेत अर्न्स्ट नोबिल यांच्या गटाने १९७८ मध्ये माकडांवर दाखवले की तासाला एक ठोका दिला तर पियूषिका चालते, आणि तेच रसायन अखंड दिले तर ती गप्प होते. औषध तेच, परिणाम उलटा. पशुवैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने संप्रेरकाची सुई भरण्याआधी हा प्रयोग मनात आणावा असे मला वाटते.

ठोके कोण देते? २००३ मध्ये किसपेप्टिन या रेणूचे महत्त्व माणसांत आणि उंदरांत उघड झाले : त्याचा ग्राहक (पेशीवरचा रिसेप्टर) बिघडला तर वयात येणेच होत नाही. पुढे मेंढ्या आणि शेळ्यांवरील कामातून दिसले की हायपोथॅलॅमसमधल्या काही पेशी किसपेप्टिन, न्यूरोकायनिन-बी आणि डायनॉर्फिन ही तिन्ही द्रव्ये एकत्र बाळगतात. न्यूरोकायनिन-बी त्यांना एकदम पेटवते, किसपेप्टिन जीएनआरएचच्या पेशींना हाक देते, डायनॉर्फिन सगळ्यांना शांत करते, आणि चक्र पुन्हा सुरू होते. डायनॉर्फिन हे अफूच्या जातीचे, मेंदूने स्वतः बनवलेले द्रव्य आहे. ठोके लांबवण्याचे काम त्याच्याकडे आहे, हे पुढच्या गोष्टीसाठी लक्षात ठेवावे.

ती गोष्ट वासराची. दूध पिणारे वासरू अंगाशी असले की गाय व्यायल्यावर लवकर माजावर येत नाही, हे प्रत्येक पशुपालक जाणतो. कारण विचारले तर लोक म्हणतात, दुधात ताकद जाते. ते अर्धेच खरे आहे. टेक्सासमध्ये गॅरी विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कासेच्या चेता तोडल्या, तरी वासराचा प्रभाव टिकला. म्हणजे सडाला होणारा स्पर्श अनिवार्य नव्हता. परके वासरू पाजले तर गाईचा एलएच दबला नाही. स्वतःचे पाजले तर दबला. मग त्यांनी गाईची दृष्टी आणि घ्राण दोन्ही बंद केले. दोन्ही बंद असतील तरच स्वतःचे वासरू पीत असूनही एलएचचे ठोके मोकळे झाले. त्यातले एक जरी चालू असेल तरी गाय वासराला ओळखत होती आणि माज रोखला जात होता. अफूच्या परिणामाला विरोध करणारे नॅलोक्सोन पाजणाऱ्या गाईंना दिल्यावर एलएच वाढतो, हेही इतर प्रयोगांत दिसले. हे सगळे एकत्र वाचले की चित्र उभे राहते : आईने आपले वासरू ओळखले, त्या ओळखीने मेंदूतली अफूसारखी द्रव्ये जागी झाली, त्यांनी ठोके लांबवले, आणि अंडाशयातले बीज पिकून फुटले नाही. एका नात्याचा परिणाम संप्रेरकावर होतो आणि तो मिलिलिटरमागे नॅनोग्रॅमच्या हिशेबात मोजता येतो. या विषयात मला याहून सुंदर काही आढळलेले नाही.

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरपट्ट्यात याला फार महत्त्व आहे. तिथली डांगी गाय आणि गावरान गाय बैलासाठी पाळली जाते. दूध बहुतेक वासरालाच. पावसाळ्यात धोधो पाऊस सोसणारी, तेलकट कातडीची ही जनावरे काटक आहेत, पण वासरू दिवसभर अंगाशी आणि चारा भाताच्या पेंढ्याचा. पेंढ्यात प्रथिने तीन-चार टक्के. व्यायल्यावर शरीरातली चरबी घटते तसे चरबीतून येणारे लेप्टिन कमी होते, इन्शुलिन उतरते, भुकेची खूण सांगणारी द्रव्ये हायपोथॅलॅमसमध्ये वाढतात आणि किसपेप्टिनचा आवाज बसतो. ओळख आणि भूक दोन्ही त्याच पेशींवर येऊन दाब देतात. दोन वेतांमधले अंतर लांबते त्याची ही दोन कारणे वेगवेगळी तपासायला हवीत. वासराला दिवसातून दोनदाच पाजणे, काही तास डोळ्याआड बांधणे हे उपाय जगभर वापरले गेले आहेत. पण गाय हाडे दिसेपर्यंत खंगलेली असेल तर त्यांनी काही होत नाही. आधी पेंड, मग बाकी.

माज ओळखण्याची अडचण निराळी. देशी गाईचा माज साधारण दहा-बारा तासांचा, पुष्कळदा रात्रीचा, आणि लक्षणे मंद. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसला तर सकाळी, हा नियम अमेरिकेत विदेशी गाईंवर बसवलेला आहे. त्यामागे एलएचचा मोठा झोत आहे : वाढत्या इस्ट्रोजेनने मेंदूला एकदम ढकलले की तो झोत येतो आणि त्यानंतर सुमारे चोवीस ते तीस तासांनी बीज सुटते. रात्री एकला सुरू झालेला माज सकाळी आठला दिसला, तर घड्याळ आधीच सात तास पुढे गेलेले असते. माज न बघता ठरल्या दिवशी रेतन करण्याची पद्धत १९९५ मध्ये विस्कॉन्सिनमधून आली : आज जीएनआरएच, सातव्या दिवशी प्रोस्टाग्लँडिन, दोन दिवसांनी पुन्हा जीएनआरएच, दुसऱ्या दिवशी रेतन. आपल्याकडे ती आता सर्रास वापरली जाते. ती उपयुक्त आहे, पण ती पियूषिकेपासून सुरू होते. मेंदू ज्या कारणाने गप्प होता ते कारण तिथेच राहते, आणि दुसऱ्या खेपेस जनावर पुन्हा त्याच जागी येते.

म्हशीचा उन्हाळा हे या शास्त्रातले खास आपले प्रकरण. पश्चिमेच्या ग्रंथांत ते जवळजवळ नाही. म्हैस लहान होत जाणाऱ्या दिवसांकडे झुकलेली. पालघरच्या अक्षांशावर सर्वांत लांब आणि सर्वांत लहान दिवसात सव्वादोन तासांच्या आसपास फरक असतो. तेवढा म्हशीच्या पिनियलला पुरतो. रात्र लांबली की मेलाटोनिन जास्त वेळ सुटते आणि ऑक्टोबर ते जानेवारी म्हशी फळतात. एप्रिल-मे मध्ये उलटे होते. उकाड्यात प्रोलॅक्टिन वाढते. प्रोलॅक्टिनला एरवी दाबून धरणारे द्रव्य म्हणजे डोपामाइन. हायपोथॅलॅमस ते पुढच्या वाटेने सतत पाठवत असतो. हा दाब सैल झाला की प्रोलॅक्टिन चढते, एलएचचे ठोके मंदावतात, आणि म्हैस मुका माज दाखवते : अंडाशय थोडेफार चालते, पण रेकणे, सोट टाकणे, अस्वस्थता काही दिसत नाही. कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत उन्हाळ्यातल्या मुऱ्हा म्हशींच्या प्रोलॅक्टिनवर बारकाईने काम झाले आहे. लुधियान्याला मेलाटोनिनच्या रोपणाने उन्हाळ्यात म्हशींचे अंडाशय जागे करून पाहिले गेले. किनाऱ्यावर दमटपणामुळे घाम आणि धाप दोन्ही थंडावा देत नाहीत. केळवे, शिरगाव, चिंचणीकडे डबक्यात लोळायला मिळणारी म्हैस आणि सिमेंटच्या तबेल्यात पत्र्याखाली बांधलेली म्हैस यांचा उन्हाळा एकसारखा नसतो. लोळणे हा तिच्यासाठी प्रजननाचा भाग समजावा.

तारापूरचे नाव घेतले की लोकांना अणुवीज केंद्र आठवते, १९६९ पासून वीज देणारे. आपल्या विषयाचा अणुविज्ञानाशी संबंध दुसऱ्या अंगाने येतो. रक्तातल्या नॅनोग्रॅमभर संप्रेरकाची मोजणी शक्य झाली ती किरणोत्सारी आयोडीन वापरणाऱ्या पद्धतीमुळे. यॅलो यांना नोबेल मिळाले ते याच पद्धतीसाठी. भारतात अशा चाचण्यांचे संच तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या कामातून घडले. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि अणुऊर्जा संघटनांनी मिळून विकसनशील देशांत दुधातले प्रोजेस्टेरॉन मोजण्याचे काम १९८० च्या दशकात पसरवले. रेतनानंतर एकविसाव्या-बाविसाव्या दिवशी दुधात प्रोजेस्टेरॉन कमी असेल तर जनावर गाभण नाही, हे जवळजवळ खात्रीने सांगता येते. दुधाचा तो थेंब महिनेमहिने वाट पाहणे वाचवतो.

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीचा दुसरा प्रश्न गंभीर आहे. इथल्या रासायनिक सांडपाण्याविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात दाद मागितली आणि २०२२ मध्ये त्यावर निकाल झाला. ती लढाई मच्छीमारांची होती. काही औद्योगिक रसायने संप्रेरकांची नक्कल करतात किंवा त्यांच्या ग्राहकांवर जागा अडवून बसतात, हे जगभर प्रस्थापित आहे. गुरे ज्या नाल्यांवर पाणी पितात तिथे माजाचे चक्र कसे चालते, हा बोईसरच्या एखाद्या विद्यार्थ्याने हाती घेण्याजोगा प्रबंध आहे. परळला १८८६ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे, डहाणूजवळ कोसबाडला कृषी विज्ञान केंद्र आहे. मार्गदर्शनासाठी दूर जावे लागत नाही.

या शास्त्रात नव्याने येणाऱ्याला माझे एवढेच सांगणे आहे, की संप्रेरकाची मोजणी हाती नसली तरी अभ्यास थांबत नाही. जनावर कधी व्यायले, वासरू जिवंत आहे का आणि दिवसात किती वेळ जवळ असते, धार कोण काढते, रोज किती वाजता, सुई कधीपासून सुरू आहे, माज पहिल्यांदा कोणत्या रात्री दिसला, त्या आठवड्यात खुराक काय होता, उन्हात होते की पाण्यात. या सगळ्याची एक साधी वही करा, मराठीत, तारखेसकट. दहा जनावरांची दोन वर्षांची अशी वही एखाद्या गावाबद्दल जे सांगेल ते कुठल्याही परदेशी ग्रंथात नाही. ती वही जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा, तिथल्या डॉक्टरांशी बोला, आणि मगच सुईचा निर्णय घ्या.